आईची कालवं

निशातगंजच्या बाजारात मासे मिळतात, पण आईला ते कधी रुचले नाहीत. रोहूचा तुकडा नाकाशी धरून ती म्हणायची, "बाय, ह्याला खारं पाणी माहीतच नाही गं." म्हणून दर हिवाळ्यात लखनऊला माझ्याकडे येताना ती थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून कालवं आणायची. ओहोटीला आमच्या गावची खाडी उघडी पडली की खडकांना चिकटलेले शिंपले लोखंडी आकडीनं फोडून आतलं मऊ कालव अलगद काढायचं, हे काम ती लग्न होऊन त्या गावात आल्यापासून करत होती. बाबा लवकर गेले. त्यानंतर घर त्या कालवांवरच चाललं, आणि माझं शिक्षणही.

शिकून मी इथल्या एका संशोधन संस्थेत लागले. माशांच्या अंगात कोणते धातू किती साठलेत हे तपासणं माझं काम. आमच्याकडे वेगवेगळ्या खाड्यांचे नमुने यायचे. बाटल्यांवर फक्त क्रमांक. कुठला नमुना कुठला, ते तपासणी संपल्यावर कळायचं. त्या हिवाळ्यात एका खाडीच्या कालवांत कॅडमियम आणि शिसं इतकं निघालं, की मशीन बिघडलंय असं समजून मी तपासणी पुन्हा केली. आकडे तसेच आले. मग नावं उघडली. ती आमची खाडी होती.

वरच्या अंगाला कारखाने आले तेव्हा पाण्याला वास येतो म्हणून गावात थोडी ओरड झाली होती. पुढे वास गेला आणि लोक विसरले. पण कालव जागचं हलत नाही. ते एका जागी बसून पाणी गाळतं आणि पाण्यात असेल ते अंगात साठवत राहतं. कितीही उकळलं, तळलं तरी ते जात नाही.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. पाय सुजायचे, जेवण जात नव्हतं. छावणीच्या बाजूच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं बरीच खराब झाली आहेत. कॅडमियम मूत्रपिंडांवरच जातं, म्हणून मी त्यांना कालवांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मैडम, शुगर भी है, बीपी भी है. किसी एक चीज़ का नाम कैसे लें?" त्यांचं खरं होतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर आईला गच्चीत उन्हाला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना हेच भरवलं?"

"आई, तुला काय माहीत होतं?"

"तू पोटात होतीस तेव्हापण खायची मी. ताकद येते म्हणायच्या सगळ्या." तिनं माझ्या मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मुलगी म्हणाली, "आजी, क्या हुआ? रो क्यों रही हो?"

मी मुलीचं रक्त तपासून घेतलं. काळजीचं काही नव्हतं. रिपोर्ट आईला वाचून दाखवला. तिनं मान हलवली, पण त्यानंतर नातीला एक घासही स्वतःच्या हातानं भरवला नाही. फ्रीजरमधला डबा काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "कुत्र्यामांजरांपुढे टाकू नको. गोमतीतपण नको." तो मी प्रयोगशाळेतल्या घातक कचऱ्यात दिला. ती कालवं तिनं फणफणत्या तापात काढली होती, हे मला नंतर कळलं.

मग तिनं गावी आमच्या शेजारच्या काकींना फोन लावायला सांगितला. दोघींनी सारी हयात एकाच खडकावर कालवं काढली होती. आईनं त्यांना समजेल असं सांगितलं. पलीकडून काकी म्हणाल्या, "खरं असेल गं. पण कालवं सोडून आम्ही खायचं काय नि विकायचं काय?" आई माझ्याकडे बघू लागली. इतकी शिकलेली मुलगी, काहीतरी सांगेल, असं तिला वाटत असावं. पोटुशा बायकांना आणि लहान मुलांना देऊ नका, एवढंच मी सांगू शकले.

होळीनंतर आई गेली. बाराव्याला आम्ही गावी होतो. तिच्या नावाच्या पानावर तिच्या आवडीचं वाढायचं म्हणून काकींनी कालवांचं सुकं केलं होतं. ते सगळ्यांच्या पानातही आलं. मुलीनं हळूच विचारलं, "मम्मी, खाऊँ?"

काकी वाढायच्या थांबल्या. मी मुलीला नको म्हटलं. माझ्या पानातलं मात्र संपवलं. चव तीच होती. काकी पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

संस्थेचा अहवाल सरकारकडे गेलाय. काकींचा अधूनमधून फोन येतो. "काय झालं गं त्याचं?" असं विचारतात. अजून काही नाही, असं मी सांगते. मग त्या ओहोटीची वेळ बघून खाडीवर निघतात.