मालकांचं काळीज आणि पाडव्याची म्हैस

आमच्या मालकांचं काळीज आषाढात बिघडलं. तसं ते आधीपास्नंच बिघडलं असणार, पण हा गडी सांगतोय कुणाला! धार काढताना दम लागला की म्हणायचे, "म्हैस आज आखडून धरतीया." जिना चढताना लागला की म्हणायचे, "गवंड्यानं पायऱ्याच उंच बांधल्यात." एक दिवस दुधाची भरली बादली हातातनं सुटली आणि गोठ्यातच मटकन खाली बसले, तेव्हा मात्र दोष द्यायला कोण उरलं न्हाई.

मी बनाबाई. कसबा बावड्यात आमचा गोठा हाय. मालकांचं नाव कागदावर आकाराम, पण नवऱ्याचं नाव मी काय घेत न्हाई. आणि आमच्याकडं बायकाबी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत्यात, तेव्हा मधेच गडी कोण आला म्हणून बुचकळ्यात पडू नका.

पोरगा ऋतुराज आणि सून अनुजा, दोघांनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई तरणी, पुण्याकडची, पण शांत. ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि समजावून सांगितलं. काळजाच्या वरच्या कप्प्यात भलत्याच जागेवरनं ठिणग्या उडत्यात, म्हणून ठोके वेडेवाकडे पडत्यात. त्यामुळं आत रक्त साकळतं, त्याची गाठ होते, आणि ती गाठ मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. जांघेतल्या शिरेतनं बारीक नळी काळजापर्यंत न्यायची आणि त्या जागा तेवढ्या भाजून टाकायच्या. ॲब्लेशन म्हणत्यात त्याला.

अर्धं अंग जाणं म्हणजे काय ते मी घरातच बघितलेलं. आमचे थोरले दीर तसेच खाटेवर पडलेले. मी त्यांना चमच्यानं भरवलंय. तोंडातनं पेज गळायची आणि ते लाजेनं डोळे मिटायचे. तसं ह्यांचं होऊ नये, एवढं एकच मला पाहिजे होतं. पैसा न्हाई, पाणी न्हाई, दुसरं काय न्हाई.

आणि मालकांनी काय विचारावं? "बाई, पाडव्याला म्हैस पळवता येईल न्हवं?"

बाई माझ्याकडं बघायला लागली. मग तिला सांगावं लागलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी सजवत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, पायात घुंगरं बांधायची, आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल पुढं बोंबलत जाते, तिच्या मागनं मालकाच्या हाकेसरशी म्हैस पळत येते. दावं न्हाई, काठी न्हाई. जी मधे न थांबता शेवटचा पट्टा गाठते, तिच्या मालकाला मानाचा फेटा. आमची हरणी त्यात पटाईत. नाव हरणी, अंग हत्तीचं. मालकांचा जीव तिच्यावर. स्वतःची दाढी आठ-आठ दिवस वाढलेली असते, पण हरणीला भादरायचं चुकत न्हाई. मला आजवर एक गजरा आणला नसेल, हरणीला मोरपिसं कुठनं कुठनं मागवत्यात.

"आधी काळीज, मग म्हैस," बाई म्हणाली. मला ती तिथंच आवडली.

रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ, एकबी चुकवायची न्हाई, असं तीनदा बजावलं. मालकांचं तोंड वाकडं झालं. जन्मभर गिऱ्हाईकाला दूध पातळ म्हणू दिलं न्हाई ह्या माणसानं, आता स्वतःचं रक्त पातळ करून घ्यायचं म्हणजे काय. पण घेतो म्हणाले. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे, मी निवांत व्हायचो.

श्रावणात तारीख ठरली. आदल्या रात्रीपास्नं उपाशी ठेवलं. हे उपाशी म्हणजे घरात सगळ्यांनाच शिक्षा. "चहा तरी?" "न्हाई." "अर्धा?" "न्हाई." "नुसता वास?" सकाळी ॲब्लेशनच्या आधी घशातनं नळी घालून आत गाठ न्हाई ना, हे बघत्यात. मी आणि अनुजा बाहेर बाकड्यावर. थोड्या वेळानं बाई बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आत गाठ दिसतेय. आज करता येणार नाही. गोळ्या नीट घेतल्या होत्या ना?"

"व्हय की! माझ्या डोळ्यांदेखत!" मी छाती ठोकून सांगितलं.

आत गेलो तर मालक छताकडं बघत पडलेले. त्या छतावर काय सुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "गोळ्या?" तर म्हणाले, "हरणीला भादरायचं होतं."

झालं होतं असं, की हरणीला भादरताना वस्तरा अंगठ्याला लागला. एवढासा काप, पण गोळ्यांमुळं रक्त काय थांबेना. हळद भरली, चिंधी बांधली, तरी भळभळ. तर ह्या शहाण्यानं ठरवलं की पाडव्यापर्यंत वस्तरा तर हातात घ्यायचाच हाय, तर वस्तरा चालू आणि गोळी बंद. नुसता तांब्या तोंडाला लावायचा आणि गोळी शेणाच्या पाटीत. म्हशीचा केस वाढू नये म्हणून स्वतःच्या काळजात गाठ वाढवून ठेवली! मला एवढा राग आला, की दवाखाना नसता तर मी काय बोललो असतो ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. आणि रागाच्या खाली भीती होती. ती गाठ सुटली असती तर? मी त्या तांब्याकडं बघून निवांत झोपत होतो.

त्या दिवसापास्नं मी वासराला जंताचं औषध पाजत्यात तसं चालू केलं. "तोंड उघडा. जीभ वर करा. आता डावीकडं." शेजारची नजीरा एकदा दारात उभी राहून हे बघत होती. ओढणी तोंडात कोंबून तशीच माघारी गेली. वस्तरा ऋतुराजकडं दिला. त्यानं हरणीला असं भादरलं, की आठवडाभर मालक तिच्याकडं बघून नुसतं "अरारारा" करत होते.

दसरा झाला आणि दुसरी तारीख आली. ह्या वेळी गाठ विरघळली होती. आत नेताना मालक नर्सला म्हणाले, "पोरी, भाजा, पण करपवू नगा." ती हसली. मी काय हसलो न्हाई. आंबाबाईला काय काय कबूल केलं ते मी अजून अनुजाला सांगितलेलं न्हाई. शेवटी बाई बाहेर आली, डोक्याची टोपी काढली आणि म्हणाली, "छान झालं." मी तिचे पाय धरायला वाकलो, तर तीच वाकली.

पुढचे कैक तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. जांघेतल्या भोकातनं रक्त येऊ नये म्हणून. ज्या माणसाला देवाच्या आरतीला दोन मिनिटं उभं राहवत न्हाई त्याला हे सांगितलं. जरा गुडघा हलला की नर्स डोळे वटारायची आणि मालक अंगणवाडीतल्या पोरासारखे पाय ताणायचे. मला लई बरं वाटलं. कुणाचं तरी ऐकतोय म्हटलं.

घरी आणलं तर बावडा सगळा लोटला. शहाळी, बिस्किटं, केळी. आणि प्रत्येकाचा एकच हट्ट, टाका दाखवा. मालक सदऱ्याची बटणं काढायचे, छाती कोरीकरकरीत. एक ओरखडा न्हाई.

"कसलं ऑपरेशन म्हणायचं हे?" पलीकडच्या आळीतली धोंडुबाई म्हणाली.

"खालनं केलंय," मालक पुटपुटले.

"खालनं म्हणजे?"

मालकांनी मांडीकडं बोट केलं न केलं.

"आणि काळीज तिथं कवा गेलं?"

निम्म्या बावड्याला अजून वाटतंय की आम्ही दवाखान्यात जाऊन नुसतं झोपून आलो. जांघेतला काळानिळा डाग कुणाला दाखवणार? मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम केलं आणि पुरावा दाखवायची सोय न्हाई, ह्याचंच त्यांना जास्त दुखत होतं.

वजन उचलायचं न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, गाडी न्हाई. म्हणजे धार न्हाई. गोठा मी आणि अनुजानं बघितला. मालक दारात खुर्ची टाकून सूचना द्यायचे. आम्ही ऐकायचो न्हाई.

आणि एक दिवस दुपारी जेवताना त्यांचा हात थांबला. "बने, परत फडफडतंय गं." ताटं तशीच टाकली. रिक्षानं नेलं, तर बाई म्हणाली, भाजलेल्या जागा भरून यायला तीन महिने लागत्यात, तवर अधनंमधनं असं होतं, वाया गेलं असं समजू नका, गोळ्या चालू ठेवा. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पण पाडव्याला गाडी आणि पळापळ नको."

रिक्षा घराजवळ आल्यावर मालक म्हणाले, "यंदा हरणी दावणीलाच राहू दे." आवाज असा होता, की मला त्यांच्यावर रागवायचंच सुचलं न्हाई.

मी म्हटलं, "मी पळवतो."

मालक एवढे हसले, की मी रिक्षावाल्याला परत वळव म्हणणार होतो. "तू? अगं तिला माझाच आवाज कळतोय!"

बघू म्हटलं. रविवारी ऋतुराजनं हाका मारून बघितल्या. हरणी रवंथ करत त्याच्याकडं बघत राहिली. मग मी नुसतं "हरणेऽऽ, ये गं" म्हटलं. उठली की, आणि आली डुलत डुलत! पेंड कोण घालतंय, पाणी कोण दाखवतंय, तिला कळतंय. मालक त्या दिवशी जेवले न्हाईत. भूक न्हाई म्हणाले. मी बाईला फोन करू का विचारलं, तर म्हणाले, "काळजाचं न्हाई ते, गप."

पण पाडव्याच्या सकाळी त्यांनीच हरणीची शिंगं रंगवली, खुर्चीत बसून. आणि मला शिकवलं. "हाक पोटातनं मार. आणि काय झालं तरी मागं बघायचं न्हाई. बघितलंस, की तिला वाटतं तुझा भरवसा न्हाई, मग ती थांबते." मी म्हटलं, बरं. आणि तुम्ही खुर्चीतनं उठायचं न्हाई. बरं म्हणाले.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला ही गर्दी. अनुजा गाडीवर पुढं, मी नऊवारीचा काचा मारून मागं. गाडी अशी बोंबलली, की माझेच कान बसले. मी पोटातनं हाक मारली आणि मागनं घुंगरं वाजायला लागली. हरणी पळत होती! बायका टाळ्या वाजवत होत्या, नजीरा तर शिट्टी मारत होती. शेवटचा चुन्याचा पट्टा समोर दिसायला लागला. आणि माझ्या मनात आलं, हे सगळं बघून ह्यांच्या काळजाचं काय होत असेल?

मी मागं बघितलं.

खुर्ची रिकामी! आणि मग दिसले. रस्त्याच्या मधोमध उभे, दोन्ही हात तोंडाशी धरून, आख्ख्या बावड्यासमोर माझ्या नावानं ओरडत होते, "बनेऽऽ, मागं बघू नगंस!"

"खाली बसाऽऽ!" मीबी ओरडलो.

हरणी थांबली. एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तिथंच शेण टाकलं. बावडा हसून हसून लोळला. फेटा गेला दुसऱ्याच्या गोठ्यात.

मी गाडीवरनं उतरून तरातरा गेलो. मालक लाल झाले होते. "पट्टा दहा पावलांवर होता! सांगितलं होतं न्हवं, मागं बघू नको म्हणून? का बघितलंस?"

"म्हशीला कोण बघतंय?" मी म्हटलं. "तुम्हाला बघितलं."

मालक तसेच वळले. खुर्चीत जाऊन बसले. हरणी आली, तिच्या कपाळावरची पिसं त्यांनी नीट केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी मी पळवतो. तू बस खुर्चीत."

पुढच्या वर्षी. आषाढापास्नं ह्या माणसाच्या तोंडातनं पुढच्या वर्षाचं नाव आलं नव्हतं, आणि विचारायचं माझं धाडस झालं नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं, पोरासोरांच्या, बायकांच्या समोर.

मालक घाबरले. "अगं, फेटा गेला म्हणून रडतीस व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."