फोटोत न दिसलेली गाठ

कुंभिवलीजवळच्या आमच्या वस्तीत छातीच्या कॅन्सरची तपासणी आली, तेव्हा बायकांना सगळ्यात आवडलं ते हे, की कुणी हात लावणार नव्हतं. अंगातल्या उष्णतेचा फोटो काढणारा कॅमेरा होता. बुद्धविहाराशेजारच्या खोलीत पडदा लावलेला. आधी वंदना करायची म्हणून सगळ्याजणी कढत पाण्यानं न्हाऊन आल्या आणि फोटोत नुसत्या लालभडक दिसल्या. सिस्टरनं कपाळावर हात मारला आणि अंग निवेपर्यंत आम्हाला पंख्याखाली बसवलं. मग पुन्हा फोटो. कुणाच्याच फोटोत वावगं काही निघालं नाही.

माझ्या डाव्या बाजूला मात्र चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागत होती. मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, हा फोटो बाकीच्या तपासणीच्या नुसता जोडीला असतो. त्याच्यावर विसंबायचं नाही. गाठ लागतेय ना? मग मॅमोग्राफी करायचीच."

घरी येते तर सासूबाईंनी पातेलं चढवलेलं. वस्तीत काही चांगलं झालं की आमच्याकडे खीर होते, आणि ती त्याच करतात. सगळ्या बायकांचे फोटो चांगले निघाले म्हणून घरोघर वाट्या गेल्या. आणि त्यानंतर मी म्हटलं, मुंबईला तपासायला जाते.

"अगं, खीर खाल्ली लोकांनी! आता परत तपासायला गेलीस तर काय म्हनतील? मशीननं नाय म्हनलंय ना?"

"मशीनला नाय दिसली. माझ्या हाताला लागतेय, आई."

"दुखतंय का?"

"नाय."

"मग?"

दुखत नाही म्हणून गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही. नवरा हे सगळं ऐकत अंगणात टेंपो पुसत राहिला. त्याचा मला सासूबाईंपेक्षा जास्त राग आला. "तुमी येनार नसाल तर मी एकटी जाते," म्हटलं आणि शिळफाट्यावरून एसटी धरली. भीती वाटत होती, पण परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

मॅमोग्राफी झाली, मग सुईची तपासणी झाली. गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "अजून लहान आहे. बरं झालं, लवकर आलात. कुणी पाठवलं तुम्हाला?"

रडू फुटत होतं. तरी मान वर करून म्हटलं, "सिस्टरनं. घरच्या कुणी नाही. त्यांनी थांबवलं होतं."