पडद्याचा पदर

मागावर बसलेल्या माणसाचे हात-पाय गुंतलेले असतात, तोंड तेवढं मोकळं! त्यामुळे आमच्या मागघरात किस्से सुताच्या तुसासारखे साचतात. सकाळी झाडले तरी संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा तेवढेच. मी फारसा बोलत नाही. शाळा सोडून मागावर बसलो, तेव्हापासून ऐकतोच आहे.

शिरपूरच्या या मागघरात आम्ही तिघं लुगडी विणतो: महादूकाका, किसन आणि मी. काकांची बायको, सखूकाकू, सूत गुंडाळून कांड्या भरते. गिरणीचं लुगडं बाजारात आल्यापासून आमचा माल दुकानातच पडून राहतो.

एक दिवस काका म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाह्यतो. नाई तं अकोल्याले गिरणीत जातो."

मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावणारे तेच. ते गेले की मागघराला कुलूप, हे सगळ्यांना कळलं. त्या दिवशी एरवी थट्टेखोर असलेल्या किसननेसुद्धा विनोद केला नाही.

*

मग गावातल्या शेठच्या नव्या घरातून बोलावणं आलं. त्यांची सून अमरावतीची, शिकलेली. तिला हातमागाचे पडदे हवे होते.

"खिडकी कायसाठी ठेवली, सूनबाई?" काकांनी विचारलं.

"हवेसाठी."

"मंग झाकता काहून?"

"बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून!"

"मंग भिंतच बरी होती ना!"

सूनबाई हसली. तरी काम दिलं. आधी एका दाराचा पडदा करून आणा, आवडला तर पुढचे, असं ठरलं.

*

पडदा कसा दिसतो ते पाहायला किसनने एक डागाळलेलं लुगडं स्वतःच्या दारात टांगलं. त्याच्या आईला कमी दिसतं. तिन्हीसांजेला ती दाराकडे पाहून म्हणाली, "कोनाची व तू? उभी काहून? ये ना आत!"

पडदा काही बोलेना.

"लय गर्वाची दिसते बाप्पा!" म्हणून म्हातारी चुलीकडे वळली.

*

जैन मंदिराच्या यात्रेला आलेल्या एका पाहुण्यांनी दोन लुगडी घेतली. घरच्या सोफ्यावर घालायला, म्हणाले.

ते गेल्यावर काकांनी विचारलं, "सोफा म्हणजे काय गा?"

"बसाचा असते," किसन म्हणाला.

"म्हणजे आपल्या लुगड्यावर लोकं बसतीन?"

काका खरंच दुखावले होते. काकू कांडी भरता भरता म्हणाली, "मंग आमी काय लुगडं सोडून बसतो?"

*

शेठच्या घरचा पडदा तयार झाला. सूनबाईने साधं कापड सांगितलं होतं. काकांनी टोकाला लाल पदर काढला!

"पदर नाई पाह्यजे म्हणे ना त्या!" किसन ओरडला. "काम जाते आता!"

"बिनपदराचं म्या आजवर मागावरून उतरवलं नाई," काका म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

पडदा घेऊन काका आणि मी गेलो. सूनबाईने तो उलगडला. लाल पदर उलटसुलट करून पाहिला. मग ती पडदा काठीत ओवू लागली.

"पदर वर घ्या, सूनबाई," काका हळूच म्हणाले. "बाईचा पदर डोक्यावर राह्यते."

तिने तसा लावला आणि आत गेली. आतून हाक आली, "काका, आत या. इथून कसा दिसतो ते पाहा."

काका दारापर्यंत गेले. पडदा बाजूला करायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. खाकरले. पुन्हा उभेच.

"या ना, काका!"

"कसा येऊ, बाई? पदर सरकवा लागते."

मला वाटलं, आता ती हसणार.

आतून पडदा बाजूला झाला. सूनबाईने स्वतःचा पदर डोक्यावर घेतला होता.

"बैठकीची दारं राहिली आहेत, काका," ती म्हणाली. "माजघराचीपण."