दोन बोटांचं पत्रक

आमच्या गावात (आमच्या म्हणायचा माझा हक्क दोन वर्षांच्या भाड्यापुरताच) डुक्कर जानेवारीत मारतात. थंडी कडक लागते, नाहीतर मांस टिकत नाही. अख्खी आळी एका अंगणात जमते. पहाटेच चूल पेटते, पाण्याची टाकी उकळायला लागते, आणि मग कपाळावर एक गोळी. गोळीनंतर लगेच गळ्यात सुरी. खाली भांडं धरायचं, रक्त वाया जाऊ द्यायचं नाही. ते गोठू नये म्हणून हाताने सारखं ढवळत राहावं लागतं. त्या शनिवारी ढवळायचं काम माझ्याकडे होतं.

अमेरिकेतलं हे गाव इटलीतून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलं. आधी त्यांना दक्षिणेच्या दलदलीत कापूस वेचायला आणलं होतं. तिथे तापाने घरंच्या घरं संपली. उरलेले एका पाद्र्यामागे या टेकडीवर आले, खडक फोडून द्राक्षं लावली. आजूबाजूच्या गोऱ्यांना हे सावळे, लसूण खाणारे लोक शेजारी नको होते. त्यांनी चर्च जाळलं. हा इतिहास इथलं शेंबडं पोरही सांगतं. द्राक्षं निघाली की चर्चच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं गावजेवण असतं. त्या दिवशी जळक्या तुळईचा तुकडा काचेच्या पेटीत मांडतात. लोक पेटीपुढे डोळे पुसतात आणि बाहेर येऊन ग्वाटेमालाच्या मजुरावर कुत्र्यासारखे खेकसतात. मी हे दोन्ही एकाच दुपारी पाहिलंय.

माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना नोन्ना, म्हणजे आजी म्हणतं, मीही म्हणायचे. द्राक्षमळा त्यांचा, चालवायचा त्यांचा पुतण्या. मळ्यावरचा मजूर तिशी ओलांडलेला, ग्वाटेमालाचा. त्याची बायको कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. ऑगस्टमध्ये द्राक्षं चिरडायच्या मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनवरची जाळी पुतण्याने काढून ठेवली होती, कारण जाळी असली की काम रेंगाळतं. ‘दवाखान्यात सांग, घरी लाकडं फोडताना गेली,’ असा त्याचा हुकूम. याने तसंच सांगितलं.

मला खरं सांगितलं ते मळ्याच्या बांधावर, माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये तीन-तीनदा विचारल्यावर.

“माझं नाव नको,” तो म्हणाला. “मला इथे राहायचंय. बायकोचं काम इथे आहे.”

“नाव येणार नाही,” मी म्हटलं. शब्द दिला.

पत्रकं लिहायला मी नागपुरात शिकले. चळवळीतल्या ताईंनी दोन गोष्टी डोक्यात बसवल्या होत्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव छापायचं नाही आणि जखम मोघम लिहायची नाही. “नुसतं ‘अत्याचार झाला’ लिहिलंस ना, तर लोक त्यात भजी बांधतील. कुठलं हाड मोडलं ते लिही!” मी तेच केलं. लिहिलं: तुमच्या पणजोबांना मुकादमाने चाबकाने हाणलं, त्यांचं चर्च जाळलं, आणि आज तुमच्याच मळ्यात डाव्या हाताची दोन बोटं गेलेल्या माणसाला खोटं बोलायला लावता. तुळई कुणासाठी जपताय?

डब्लिनचे काका, म्हणजे बाबांचे मित्र, ओहायोतल्या डब्लिन गावात राहतात, मोठ्या कंपनीत आहेत. त्यांना फोनवर वाचून दाखवलं.

“अगं, तू स्टुडंट व्हिसावर आहेस. आधी डिग्री घे, जॉब घे, सेटल हो, मग कर काय क्रांती करायची ती.”

“काका, तुम्ही सेटल होऊन किती वर्षं झाली?”

“ठेव फोन, आगाऊ कुठली.”

रविवारी प्रार्थना चालू असताना मी पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या वायपरखाली पत्रक खोचलं. मला लई भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नागपुरात दोन बोटं गेलेले कामगार कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतील. या गावात असा एकच होता. हे मला डुकराच्या त्या शनिवारी कळलं, कोपरापर्यंत हात रक्तात असताना.

पुतण्या पिकअपमधून उतरला तो सरळ मजुराकडे गेला. तो वाकून डुकरावर गरम पाणी ओतत होता, केस खरवडायला. पुतण्याने त्याची मान धरली, डावा हात वर उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

“हा बघा आमचा लेखक!”

कोणी तरी हसलंसुद्धा.

“मी नाही लिहिलं,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. पहिला ठोसा तोंडावर, दुसरा कानावर. तो पडला तेव्हा डुकराच्या अंगावर पडला. पुतण्याने बूट उचलला आणि त्याच हातावर, उरलेल्या तीन बोटांवर, टाच रगडली. डुकराला गोळी घातल्यावर ते ओरडलं नव्हतं. माणूस ओरडला. अंगणात दहा-बारा धडधाकट बाप्ये होते, हातात सुऱ्या होत्या. एकानेही पाऊल हलवलं नाही. एक म्हणाला, “पुरे आता, पाणी निवतंय.” पाण्याची काळजी! माणसाची नाही!

“मी लिहिलंय!” मी ओरडले. “कागद माझा आहे, मला मार!”

पुतण्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पुन्हा बूट उचलला.

नोन्ना चुलीजवळच होत्या. त्यांनी टाकीतून डोलचीभर उकळतं पाणी काढलं आणि पुतण्याच्या पायावर ओतलं. न बोलता, झाडाला घालावं तसं. तो किंचाळत बर्फात बसला आणि बुटाची लेस ओढायला लागला. मग नोन्ना माझ्याकडे वळल्या.

“पोरी, याला गाडीत घाल. आणि उद्या माझी खोली सोड. माझ्या घरचं पोर माझ्या हाताने भाजलं मी. आता तुझं तोंड बघवणार नाही मला.”

गावच्या दवाखान्यात यायला मजूर तयार होईना. तिथली नर्स पुतण्याची मेहुणी. तासभर गाडी हाकत दुसऱ्या गावात नेलं. दोन बोटांचं हाड मोडलं होतं, ओठ शिवावा लागला. पोलिसांना फोन का केला नाहीस, असं विचारणाऱ्यांनी आधी सांगावं की साक्ष कोण देणार होतं. आणि गाडीत बसताच त्याने माझा फोन काढून घेतला होता, तो परत देईना.

कामगार खात्याकडे द्यायच्या तक्रारीचा अर्ज माझ्या पिशवीत भरून तयार होता. सही तेवढी बाकी. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी अर्ज पुढे केला.

“आधी तो कागद वाच,” तो म्हणाला. “सगळ्यांनी वाचला. मला कुणी वाचून दाखवला?”

मी एकेक ओळ स्पॅनिशमध्ये सांगत गेले. तो शिवलेल्या ओठाने मध्येच अडवायचा.

“‘तो वेदनेने रडला.’ मी नाही रडलो. शिव्या घातल्या मी, मशीनला. पुतण्याच्या आईलाही.”

“बरं.”

“‘असहाय मजूर.’ म्हणजे काय?”

मी सांगितलं.

“पाच एकर वेलींची छाटणी मी एकट्याने केली. असल्या हाताने. हे कुठे लिहिलंस?”

नव्हतं लिहिलं. मला सुचलंच नव्हतं. बोटांपलीकडे मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“हात लिहिलास म्हणजे नावच लिहिलंस,” तो म्हणाला आणि बिनसहीचा अर्ज माझ्या मांडीवर ठेवला. “बायको रोज त्याच रस्त्याने कामावर जाते. सही करून ती कशी जाणार?”

पुतण्यावरचा माझा राग कमी झालेला नाही, होणारही नाही. दुसऱ्या दिवशी तो पाय बांधून चर्चमध्ये आला आणि बायाबापड्यांनी त्याची विचारपूस केली. पण ती दोन बोटं गावाच्या हाती मी दिली, हेही लिहिलं पाहिजे.

सोमवारी सकाळी मजुराची व्हॅन भरलेली होती. गाद्या, कुकर, पोरीची सायकल. ती तिघं बायकोच्या बहिणीकडे, दुसऱ्या राज्यात निघाली होती. मी माफी मागितली. तो मान हलवून स्टिअरिंगवर बसला, मोडका हात मांडीवर. बायकोने काच खाली केली.

“बहिणीचा पत्ता विचारू नकोस,” ती म्हणाली.

मी विचारला नाही.