आधी घराभोवती फेरी

अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे फेरीसाहेब म्हणायचे, तेही तोंडावर. आग लागलेल्या घरासमोर बंब थांबला की हा माणूस आधी घराभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. धूर कुठून येतोय, जोरात येतोय की रेंगाळतोय, कुठली काच काळवंडलीय, आतली माणसं कुठे असतील, हे सगळं चारही बाजूंनी बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोवर बघ्यांच्या शिव्या खायच्या. घर जळतंय आणि हे महाशय फिरायला निघालेत, असं लोक म्हणायचे. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा!

ही खोड लागली नोकरीच्या सुरुवातीला. एका घरात आजोबा अडकलेत असं कळलं, म्हणून पुढचं दार फोडून ते आणि त्यांचा जोडीदार धुरात घुसले. पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. ह्यांच्या भुवया होरपळल्या, जोडीदाराचा गुडघा असा दुखावला की अजून कुरकुरतो. आणि आजोबा? ते मागच्या अंगणात पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. मागे जाऊन कोणी बघितलंच नव्हतं.

घरीही तीच तऱ्हा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी बाहेरून चक्कर. बायकोने कपाळावर हात मारणंसुद्धा सोडून दिलं होतं. ती सरळ आत जाऊन सांगायची, येतील ते मागून. एकुलत्या एका लेकीला त्यांनी पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं की धूर दिसला तर दार लावून घ्यायचं, फटीत ओलं कापड कोंबायचं आणि खिडकीतून चादर बाहेर सोडायची. लेक मोठी झाली तशी ह्या सगळ्याला वैतागली.

लग्नानंतर तिने नवं बिऱ्हाड थाटलं, त्या दिवशी तर कहरच झाला. व्याही आणि विहीणबाई चहा समोर घेऊन ताटकळले होते, आणि हे मागच्या भिंतीशी उभे राहून वरच्या खिडकीला शिडी पोचेल का ते बघत होते. विहीणबाई तोंड फिरवून हसल्या. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप घेताना ती म्हणाली, "बाबा, उद्या माझं घर पेटलं तरी तुम्ही आधी फेरीच माराल ना?"

त्यांनी खरं ते सांगितलं. "हो."

झालं, तिथेच काहीतरी तुटलं. लेक आईशी तासन्‌तास बोलायची आणि बाबांची चौकशी एका वाक्यात उरकायची. बाळ झालं तरी तेच. बायको फोनवर बोलत असली की हे शेजारी पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे. एका शब्दासाठी लेक दुरावली, ह्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

आणि एका दुपारी केंद्रावर फोन आला, पत्ता लेकीचा. चालकाने ह्यांच्याकडे बघितलं. हे इतकंच म्हणाले, "डावीकडून घे, तो रस्ता मोकळा असतो."

खालचा दिवाणखाना पेटला होता. पुढच्या खिडकीतून काळा धूर उसळत होता, दार बंद होतं. जावई कामावर, लेक आणि बाळ वरच्या मजल्यावर. शेजारी पुढच्या वरच्या खिडकीकडे बघून तिला हाका मारत होते, पण तिथे कोणीच येत नव्हतं. जोडीदाराने दार फोडायला हत्यार उचललं. "साहेब, आज फेरी नको. लेक आहे आपली."

साहेबांचा जीव आतून ओरडत होता की घूस, दार फोड, घूस. पण जिना त्या दिवाणखान्यातूनच वर जात होता. दार उघडलं असतं तर वारा मिळून जाळ थेट जिन्याने वर गेला असता. "दाराला हात लावू नकोस," ते म्हणाले आणि धावत बाजूच्या बोळात शिरले. आयुष्यातली सगळ्यात लांब फेरी होती ती.

मागे वरच्या खिडकीतून पिवळी चादर लोंबत होती. वर लेक, बाळाला छातीशी धरून. तिच्या मागचं खोलीचं दार घट्ट लावलेलं.

शिडी मागे लागली, ते स्वतः चढले. आधी बाळ खाली आलं, मग लेक. दोघं जमिनीवर पोचल्यावरच त्यांनी पुढचं दार उघडायला सांगितलं, आणि पाण्याची नळी आत गेली. आग हां हां म्हणता विझली.

जोडीदाराने तिला विचारलं, लोक घसा फोडून हाका मारत होते, पुढच्या खिडकीशी का नाही आलीस? लेक खोकत होती, तोंडभर काजळी.

"पुढे जायचं तर खोलीचं दार उघडावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि मला माहीत होतं ना, बाबा आधी मागे येणार."

हे ऐकून साहेब तिथेच, ओल्या मातीत, बूट घातलेले पाय पसरून बसले आणि सगळ्यांसमोर रडले. लेक शेजारी बसली आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.