भिंतीलगतचा पालक

रोपवाटिकेत उभी हयात घालवलेल्या म्हातारबुवांना सगळी गल्ली पानवैद्य म्हणायची. लोक आजारी पान घेऊन दाराशी यायचे आणि हे नाडी पाहिल्यासारखं ते बोटांत धरायचे. खालची जुनी पानं पिवळी, तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. निदान फुकट, त्यासोबतचं व्याख्यान मात्र सक्तीचं.

यंदा त्यांच्याच घरामागे दोनदा पेरलेला पालक पिवळा पडला. पेरणी सुनेची, पाणी सुनेचं. फाटकाशी टेबल मांडून ती जुड्या विकायची, आणि या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. एका सकाळी शेजारणी जुड्या उलटसुलट करून नाकं मुरडू लागल्या. वैद्यबुवांची अब्रूच निघाली म्हणायची! पानाकडे न बघताच ते बोलून गेले, "काय करणार? सूनबाईला हातगुणच नाही. तिच्या हातचं काही धड उगवत नाही."

शेजारणी हसल्या. सूनही हसली, पण त्यानंतर तिने वाफ्याला हात लावला नाही. टेबल आत आणलं आणि त्यावर इस्त्रीचे कपडे रचले.

शेवटी उरलेला पालक उपटायला वैद्यबुवांनाच जावं लागलं. वाकताना चष्मा वाफ्यात पडला, म्हणून गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत ते खाली बसले. समोरच कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोहाची कमतरता! शेंबड्या पोरालाही ओळखता यावं असं दुखणं. आणि पलीकडे, भिंतीलगतचा पट्टा तेवढा हिरवागार.

तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. गोगलगायी येऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी वाटेवर उभं राहून मुठी भरभरून चुन्याची पूड फेकणारे तेच होते. चुना जास्त झाला की लोह मातीतच अडकून बसतं, मुळांना मिळत नाही, हे निम्म्या गल्लीला त्यांनीच शिकवलेलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप शेणखत टाकून प्रकरण मिटवता आलं असतं. तो विचार मनात आला, याचीही त्यांना लाज वाटली.

त्यांनी सुनेला फाटकाशी बोलावलं आणि शेजारणींसमोर सांगून टाकलं, "पालक माझ्या चुन्याने गेला. हिचा काही दोष नाही. मी उगाच बोललो."

एकीने डोळ्यांना पदर लावला. "सुनेच्या चुकीवर कसं पांघरूण घालतात बघा! असा सासरा मिळायला नशीब लागतं बाई."

"अहो, खरंच मीच—"

"पुरे, पुरे. कळला तुमचा मोठेपणा." दुसरीने सुनेला बजावलं, "जप हो यांना."

ते जितकं सांगत गेले तितके थोर ठरत गेले. सून खाली मान घालून उभी होती.

आत आल्यावर त्यांनी बियांची पुडी तिच्यापुढे धरली. "तुला तरी पटलं ना, सूनबाई?"

"पटलं, बाबा." तिने पुडी हलकेच परत सारली. "पण पालक त्यांनाच विकायचाय ना? तुम्हीच पेरा. तुमच्या हातचा म्हटलं की लगेच खपेल."

पुडी मागे घेताना त्यांना तिच्याकडे बघवेना.