उष्टं पान

गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या शैलजाबाईंचे डोळे मिटू लागले आहेत, आणि त्या ते मिटू देत नाहीत. दोन वाजून गेलेत. समोर कठड्यावर केळीचं पान ठेवलंय. पानावर भात, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, आणि द्रोणात तांदळाची खीर. खिरीवर आता जाड साय धरली आहे. कावळ्याचा पत्ता नाही. एरवी वाळवणावर डोळा ठेवून टपलेले कावळे आज गाव सोडून गेले की काय कोण जाणे.

आज त्यांच्या यजमानांचं, रघुवीररावांचं, वर्षश्राद्ध. गुरुजी दहाचे म्हणून साडेबाराला उगवले, आणि आता मुलगा ओंकार त्यांना पोचवायला गेला आहे. पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. रघुवीररावांच्या थोरल्या बहीण, माईवन्सं, आतून दर पाच मिनिटांनी विचारतात.

"शिवला का गं?"

"नाही."

"त्याच्या मनात काहीतरी राहिलंय. हात जोडून सांग की, तुमचं अमुक करीन म्हणून."

सांगून झालंय. ओंकारचं लग्न करीन, वर्कशॉपमधलं तुमचं लेथ मशीन विकणार नाही, गावच्या देवीची ओटी भरीन. शैलजाबाईंना सुचेल ते सगळं त्यांनी कबूल केलं आहे. कावळा काही पाघळलेला नाही.

मागच्या खोलीत ठकी कोंडलेली आहे. ठकी म्हणजे मांजर. रघुवीररावांनीच ती एवढीशी असताना वर्कशॉपमधून शर्टाच्या खिशात घालून आणली होती. अकरा दिवसांपूर्वी तिला मधुमेह निघाला. माईवन्संना ती थट्टाच वाटली. "रघूची साखर मांजरीनं वारशात घेतली म्हणायची," असं म्हणून त्या पोटभर हसल्या. शैलजाबाईंना हसू आलं नाही. डॉक्टरीणबाई मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई कशी द्यायची ते दाखवू लागल्या, तेव्हा "मला येतं हो" एवढंच त्या म्हणाल्या. सोळा वर्षं नवऱ्याला दिली होती.

"एकच लक्षात ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आधी खाणं, मग सुई. सुई दिली आणि पोट रिकामं राहिलं, तर साखर भलतीच उतरते. जनावर झोपल्यासारखं पडतं आणि उठत नाही."

आज सकाळी आठला शैलजाबाईंनी ठकीची ताटली मांडली. तिनं दोन घास खाल्ले, तेवढ्यात सुई देऊन टाकली. आणि माईवन्सं सोवळ्यानं स्वयंपाकघरात आल्या. "श्राद्धाच्या दिवशी मासळीचा वास? आधी पितर, मग मांजरं-कुत्री!" ताटली उचलली गेली, ठकी मागच्या खोलीत गेली, बाहेरून कडी लागली. दोन-तीन तासांचाच तर प्रश्न, असं शैलजाबाईंना वाटलं. श्राद्धाच्या घरात वाद नको, असंही वाटलं. दीड वाजता त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं होतं. ठकी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. झोपलीय, झोपू दे, म्हणून त्यांनी तिच्या मानेखाली टॉवेलची घडी सरकवली आणि परत येऊन कावळ्याची वाट पाहू लागल्या.

ऊन पांढरं होत जातं. मान एकदा पुढे पडते, सावरते. पुन्हा पडते.

"खुर्ची जरा सावलीत घे," कुणीतरी म्हणतं.

रघुवीरराव कठड्यावर बसले आहेत, पाय बाहेर सोडून. अंगावर फक्त सोवळ्याचा कद, केस नुकतेच न्हाल्यासारखे ओले. शैलजाबाईंना नवल वाटत नाही, काळजी वाटते.

"अहो, पडाल."

"आता कुठं पडणार?"

"मग जेवा तरी. केव्हाचं वाढलंय."

"पोरगी जेवली?"

"कुठली पोरगी? आपल्याला एकटा ओंकार."

ते हसतात. हसण्याचा आवाज त्यांच्याकडून नाही, मागच्या खोलीतून येतो.

त्या वळून बघतात तर गच्ची नाही, घरातला दिवाणखाना आहे. गेल्या वर्षीचा. चौरंगावर पूजा मांडली आहे. नैवेद्य दाखवायचा राहिलाय, आरत्या संपत नाहीत. भिंतीला टेकून रघुवीरराव बसलेत. बाराच्या ठोक्याला त्यांनी इन्शुलिन घेतलं आहे आणि पोटात काही नाही. खडीसाखरेची पुडी शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला, आणि कदाला खिसा नसतो. "पाचच मिनिटं रे रघू, नैवेद्य होऊ दे," असं माईवन्सं म्हणताहेत. त्यांचे ओठ मात्र हलत नाहीत.

मग शैलजाबाई स्वतःलाच दिसतात. हिरव्या साडीतली ती बाई उशी घेऊन येते. दमलेत, झोपू दे, असं म्हणत नवऱ्याच्या मानेखाली ती उशी हलक्या हातानं सारते. शैलजाबाई तिला ओरडून सांगायला जातात. आवाज फुटत नाही. हिरव्या साडीतली बाई उशीची सुरकुती नीट करते आणि आरतीला जाऊन उभी राहते.

"उशी मऊ होती," शेजारून रघुवीरराव म्हणतात. "मला साखर हवी होती."

"मला कळलं नाही हो."

"सोळा वर्षं कळत होतं. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत नव्हतीस. नैवेद्याच्या पानाकडे बघत होतीस."

खरं होतं ते. वर्षभर हेच खरं त्या स्वतःपासून लपवत आल्या आहेत.

दिवाणखाना लांबत जातो. भिंतीशी बाकडी आहेत, जनावरांच्या दवाखान्यात असतात तशी, आणि बाकड्यांवर कद नेसलेली माणसं ओळीनं बसली आहेत. प्रत्येकापुढे पान वाढलेलं आहे, प्रत्येकाच्या मानेखाली टॉवेलची घडी आहे. कुणी जेवत नाही. सगळे शैलजाबाईंकडे बघताहेत. शेवटच्या बाकड्यावर पुन्हा रघुवीरराव, आणि त्यांच्या मांडीवर ठकी.

"तिला खाली ठेवा," शैलजाबाई म्हणतात.

"मी बोलावली नव्हती. दाराला कडी होती तरी आली."

"परत द्या तिला."

"मी कुठं धरलीय? तूच उचल."

त्या उचलतात. हातात वजनच येत नाही, उशी काढून घेतलेल्या अभ्र्यासारखी ती लोंबते. रघुवीरराव द्रोण पुढे ओढतात. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट लेथ मशीनवर कापलेलं, वरचं पेरच नाही. ते थोटं बोट खिरीत बुडवून ते एक लांब रेघ ओढतात आणि बोट स्वतःच्या तोंडाकडे न नेता ठकीपुढे धरतात.

"हिला दे. मेलेल्याला कसली घाई?"

"पण कावळा शिवायचाय अजून."

"तो यायचा नाही. मीच नको म्हटलंय त्याला."

शैलजाबाई जाग्या होतात ते उभ्याच. खुर्ची मागे कलंडली आहे. कठड्यावरचं पान त्या दोन्ही हातांनी उचलतात, तशाच धावत मागच्या खोलीशी येतात, कोपरानं कडी काढतात.

ठकी टॉवेलच्या घडीवर आडवी पडली आहे. डोळे अर्धे उघडे, पाय ताठ, कान गार. हाक मारली तरी कान हलत नाही. शैलजाबाई जमिनीवर बसकण मारतात, बोटभर खीर घेतात आणि तिच्या गालफडात, हिरड्यांवर चोळतात. पुन्हा घेतात. पुन्हा चोळतात. "ठके, गीळ गं. नको ना जाऊस. एकदा चुकले, पुन्हा नाही चुकायची." त्या मोठ्यानं रडत आहेत आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही.

"अगं बाई!" दारात माईवन्सं उभ्या. "पान उचललंस? कावळा शिवायच्या आधी? मांजराला?"

"ओंकारला फोन लावा. डॉक्टरीणबाईंना घेऊनच ये म्हणावं."

"श्राद्धाचं पान उष्टं केलंस गं तू!"

"मी नाही केलं," शैलजाबाई म्हणतात आणि स्वतःच थबकतात. हे आपण का म्हणालो, त्यांना कळत नाही.

त्या द्रोणाकडे बघतात. माईवन्संही वाकून बघतात. अलीकडच्या कडेला शैलजाबाईंच्या बोटांनी साय फाटली आहे. पलीकडे साय अखंड आहे, आणि तिच्यात एकच रेघ ओढलेली आहे. लांब, रुंद. जिथून सुरू होते तिथे टोक नाही, थोट्या पेराची बोथट गोल खळी आहे. चोचीची नव्हे. लेथवरच्या अपघाताच्या दिवशी रघुवीररावांच्या बोटाला पहिली पट्टी माईवन्संनीच बांधली होती.

माईवन्सं सोवळ्यानिशी खाली बसतात.

"पाचच मिनिटं म्हणाले होते गं मी त्याला," त्या म्हणतात.

टॉवेलच्या घडीवर ठकीची जीभ हलते, एकदा, मग पुन्हा. माईवन्सं उठतात, ओंकारला फोन लावतात, मग स्वयंपाकघरात जातात आणि सकाळी ओट्याखाली दडवलेली ताटली दोन्ही हातांत धरून घेऊन येतात.